विश्लेषण : १०० बॉम्बहल्ले, नागासाकीचा साक्षीदार आणि अंधेरीतले घर, कोण होते लिओनार्ड चेशायर?

मुंबईत अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'चेशायर होम' नावाची संस्था आहे. गंभीर अपंगत्व असलेल्या आणि घरी सांभाळायला कोणी नसलेल्या माणसांसाठीचे हे घर १९५६ मध्ये सुरू झाले. भारतातले या नावाचे हे पहिले घर. पुढे देशात इतर शहरांतही अशी घरे उभी राहिली. ज्यांचे नाव या घरांना आहे ते चेशायर मिशनरी नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ठिकाणांवर १०० वेळा बॉम्बहल्ल्यासाठी गेलेले ते ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक होते. नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचे अधिकृत निरीक्षक म्हणून तेही एका विमानात होते.

त्यांची गोष्ट बहुतेकदा एकाच पद्धतीने सांगितली जाते. वैमानिकाने अणुबॉम्बचा ढग पाहिला, त्याला पश्चात्ताप झाला आणि तो सेवेकडे वळला. कलिंग युद्धानंतरच्या सम्राट अशोकाची गोष्ट शाळेत शिकलेल्या आपल्या वाचकाला हे लगेच पटते. अडचण एवढीच की ते खरे नाही. चेशायर यांनी बॉम्बहल्ल्यांबद्दल किंवा अणुबॉम्बबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला नाही. युद्ध लवकर संपवण्यासाठी ते आवश्यक होते, असेच त्यांचे शेवटपर्यंत मत राहिले. मग हा माणूस रुग्णांची मलमूत्राची भांडी धुण्यापर्यंत आला कसा? त्यासाठी आधी ते विमानतळ आणि तिथली माणसे समजून घ्यावी लागतात.

वकिलीऐवजी कॉकपिट

लिओनार्ड चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टर शहरात झाला. त्यांचे वडील जेफ्री चेशायर ऑक्सफर्डमधले नामवंत कायदेतज्ज्ञ. आपल्याकडच्या एलएलबीच्या विद्यार्थ्यांना हे आडनाव वेगळ्याच कारणाने माहीत असते. करार कायद्यावरचे 'चेशायर अँड फिफूट' हे पुस्तक ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते हेच जेफ्री. मुलानेही ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायदाच शिकायला घेतला. अभ्यासात फार चमक नव्हती; वेगवान गाड्या, पैज आणि पार्ट्या यांत रस जास्त. विद्यापीठाच्या हवाई तुकडीत नाव घातले ते उडण्याच्या हौसेपायी. १९३९ मध्ये पदवी हाती आली आणि सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये ते ब्रिटिश हवाई दलात अधिकारी म्हणून दाखल झाले.

जून १९४० मध्ये त्यांची नेमणूक यॉर्कशायरमधल्या ड्रिफील्ड तळावर, १०२ व्या स्क्वाड्रनमध्ये झाली. विमान होते दोन इंजिनांचे, संथ आणि आतून कमालीचे थंड असे व्हिटली. लाँग नावाच्या न्यूझीलंडच्या वैमानिकाच्या हाताखाली ते सहवैमानिक म्हणून शिकले. विमान कसे चालवायचे एवढेच लाँगने शिकवले नाही. बरोबरच्या प्रत्येकाचे काम काय आहे आणि ते करताना त्याला काय अडचण येते, हे स्वतः त्याच्या जागी बसून पाहायला लावले. ही सवय चेशायर यांना जन्मभर पुरली.

नोव्हेंबर १९४० मध्ये कोलोन परिसरावरच्या हल्ल्यात विमानवेधी तोफेचा गोळा त्यांच्या विमानाजवळ फुटला आणि आत ठेवलेल्या प्रकाशगोळ्याचा स्फोट झाला. विमानाच्या कुशीला दहा-बारा फुटांचे भगदाड पडले आणि आत आग लागली. वायरलेस ऑपरेटर डेव्हिडसन गंभीर भाजला. आग विझवून, अर्धे उघडे पडलेले ते विमान चेशायर यांनी रात्रीतून इंग्लंडला परत आणले. डेव्हिडसन वाचला. या कामगिरीसाठी चेशायर यांना डीएसओ हे पदक मिळाले. इतक्या कनिष्ठ अधिकाऱ्याला ते सहसा मिळत नसे.

बॉम्बर तळ म्हणजे नेमके काय होते?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचे लिंकनशायर आणि यॉर्कशायर हे सपाट शेतीचे जिल्हे. जर्मनीला जवळ आणि धावपट्टीला सोयीचे. युद्धकाळात इथल्या बटाट्याच्या आणि गव्हाच्या शेतांत एकामागून एक हवाई तळ उभे राहिले. रचना बहुतेक ठिकाणी सारखीच होती. एकमेकींना छेदणाऱ्या तीन काँक्रीटच्या धावपट्ट्या, भोवती गोल रस्ता, आणि त्याला लागून विमाने सुटी सुटी उभी करण्याचे कट्टे. विमाने एका ओळीत ठेवली तर शत्रूच्या एका फेरीत सगळी जातील, म्हणून ही पांगापांग. राहायला पत्र्याच्या अर्धगोल बराकी, फिरायला सायकल.

चार इंजिनांच्या लँकॅस्टर विमानात साधारण सात जण असत. वैमानिक, फ्लाइट इंजिनीअर, मार्ग काढणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब सोडणारा, वायरलेस ऑपरेटर, पाठीवरचा तोफची आणि शेपटीत एकटाच बसणारा तोफची. सरासरी वय २२ च्या आसपास. ब्रिटिशांबरोबर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, कॅरिबियन बेटे इथली मुले त्यात होती. भारतीयही होते. १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिकांची तुकडी ब्रिटनला पाठवण्यात आली होती आणि त्यातले काही बॉम्बर विमानांवर गेले. सुखटणकर हे मराठी आडनावही बॉम्बर कमांडच्या नॅव्हिगेटरांत सापडते. त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळाले.

एका क्रूला साधारण ३० हल्ले पूर्ण करावे लागत. मग विश्रांती. यातले गणित क्रूर आहे. प्रत्येक हल्ल्यात १०० पैकी ४ विमाने परतत नाहीत असे धरले, तर ३० हल्ले पूर्ण करून जिवंत राहण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आत येते. १०० हल्ल्यांसाठी हेच गणित केले तर ती दोन टक्क्यांच्याही खाली जाते. प्रत्यक्षात बॉम्बर कमांडच्या सुमारे १ लाख २५ हजार हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ मरण पावले. सकाळी मेसमध्ये नाश्त्याला बसल्यावर रिकाम्या खुर्च्या दिसत. दुपारपर्यंत त्या मुलांच्या पेट्या बांधून घरी रवाना होत आणि संध्याकाळपर्यंत त्याच खाटांवर नवी मुले येत.

नावे पाठ करणारा कमांडर

ऑगस्ट १९४२ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी चेशायर ७६ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. हे स्क्वाड्रन हॅलिफॅक्स विमाने उडवत होते आणि नुकसान भयंकर होते. हॅलिफॅक्स जड, हळू आणि वळवताना कधी कधी सुकाणू अडकून कोसळणारे. चेशायर यांनी यावर जो उपाय केला तो इंजिनीअरिंगच्या वर्गात शिकवण्यासारखा आहे. जास्त चिलखत आणि जास्त तोफा लावल्या की सुरक्षितता वाढते, हा समज त्यांनी बाजूला ठेवला. विमानातून काय काढता येईल ते पाहिले. नाकावरचा तोफांचा बुरूज आणि इतर वजनदार भाग काढून टाकले. विमान हलके झाले, उंच आणि वेगाने उडू लागले, सांभाळायला सोपे झाले.

दुसरी गोष्ट अधिक बोलली गेली. तळावरच्या मेकॅनिकांची, गाडीवानांची, कारकुनांची नावे त्यांनी पाठ केली. ब्रिटिश सैन्यात अधिकारी आणि साधा सैनिक यांच्यात किती अंतर असे, हे लक्षात घेतले तर याचे नवल कळते. नवा, घाबरलेला वैमानिक आला की त्याच्या पहिल्या हल्ल्याला ते स्वतः शेजारच्या जागेवर सहवैमानिक म्हणून जात. धाकटा भाऊ ख्रिस्टोफरही बॉम्बर वैमानिक होता. १९४१ मध्ये त्याचे विमान पडले आणि तो जर्मनांचा युद्धकैदी झाला. परत न आलेल्या मुलाच्या घरी काय चालले असेल, हे चेशायर यांना ऐकून माहीत नव्हते. ते त्यांच्याच घरात घडले होते.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १९४२ नंतर ब्रिटनच्या बॉम्बर दलाचे मुख्य काम शहरेच्या शहरे जाळणे हे होते. १९४१ मध्ये छायाचित्रे तपासून केलेल्या बट अहवालात आढळले होते की, लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी फक्त एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होती. रात्रीच्या अंधारात, घड्याळ आणि होकायंत्रावर काढलेल्या मार्गाने कारखाना सापडत नसेल, तर शहर हेच लक्ष्य करायचे, असे धोरण ठरले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यांत ३५ हजारांहून अधिक लोक मेले, बहुतेक सामान्य नागरिक. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५ हजार. शहरांवरच्या अनेक हल्ल्यांत चेशायर स्वतः सहभागी होते.

पदावनती मागून घेतली

एप्रिल १९४३ मध्ये त्यांना ग्रुप कॅप्टन करण्यात आले. वय २५, त्या हुद्द्यावरचे दलातले सर्वात तरुण. मार्स्टन मूर हा प्रशिक्षण तळ त्यांच्याकडे सोपवला गेला. सुरक्षित नोकरी, मोठा हुद्दा. काही महिन्यांत ते कंटाळले आणि विंग कमांडर या खालच्या हुद्द्यावर उतरून त्यांनी ६१७ व्या स्क्वाड्रनचे नेतृत्व घेतले.

हे तेच ६१७, ज्याने मे १९४३ मध्ये गाय गिब्सन यांच्या नेतृत्वाखाली पाण्यावर उसळ्या मारत जाणाऱ्या बॉम्बने जर्मनीची धरणे फोडली होती. त्या रात्री १९ विमाने गेली, ८ परतली नाहीत आणि १३३ पैकी ५३ जण मेले. चेशायर आले तेव्हा या नावाजलेल्या स्क्वाड्रनला पुढे काय काम द्यायचे, हा प्रश्नच होता. जानेवारी १९४४ मध्ये ते वुडहॉल स्पा या छोट्या गावाजवळच्या तळावर आले. अधिकाऱ्यांची मेस पेटवुड या जुन्या हॉटेलात होती.

इथे चेशायर यांनी नेमक्या बॉम्बहल्ल्याचा प्रश्न हातात घेतला. तेव्हाची पद्धत अशी होती की मार्गदर्शक विमाने खूप उंचावरून रंगीत प्रकाशगोळे टाकत आणि मागची विमाने त्यावर बॉम्ब सोडत. गोळाच चुकीच्या जागी पडला तर सगळा हल्ला चुकीच्या जागी. चेशायर यांचे म्हणणे होते की खूण करणाऱ्याने घरांच्या छपरांजवळ उतरून खूण करावी. वरिष्ठांपैकी अनेकांना ही आत्महत्या वाटत होती.

त्यांनी ते फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या लिमोज शहरात करून दाखवले. तिथला विमान-इंजिनांचा कारखाना जर्मन सैन्यासाठी चालत होता, पण रात्रपाळीला काम करणाऱ्या शेकडो महिला फ्रेंच होत्या आणि चहूबाजूंनी फ्रेंच वस्ती होती. चेशायर यांनी आपले अजस्र लँकॅस्टर कारखान्याच्या छपरावरून अगदी खालून तीनदा नेले. काय होणार आहे हे कामगारांना कळावे आणि त्यांनी बाहेर पळावे, हा हेतू. तोफा असत्या तर अशा तीन फेऱ्यांत विमान टिकले नसते. चौथ्या फेरीत खूण टाकली आणि मागून आलेल्या विमानांनी कारखाना उद्ध्वस्त केला. वस्ती जवळजवळ शाबूत राहिली. त्यांच्या सगळ्या कामगिऱ्यांत ही एक वेगळी काढून पाहावी अशी आहे. इथे खालच्या माणसांसाठी वरच्या माणसांनी जीव धोक्यात घातला होता.

पुढे हेच काम त्यांनी आधी छोट्या मॉस्किटो विमानातून केले. एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवर ते तोफांच्या माऱ्यात छपरांच्या उंचीवरून गेले. मग एकट्याच्या मस्टँग विमानातून. ते विमान अमेरिकेकडून खोक्यात भरून आले, तळावरच्या मेकॅनिकांनी घाईघाईत जोडले आणि याआधी कधीही मस्टँग न चालवलेले चेशायर पहिल्याच उड्डाणाला थेट हल्ल्यावर गेले.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरण्याच्या आदल्या रात्री, ५ जून १९४४ ला, या स्क्वाड्रनने एकही बॉम्ब टाकला नाही. समुद्रावर ठरावीक आकाराच्या फेऱ्या मारत, ठरलेल्या सेकंदाला ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे गठ्ठे टाकत विमाने हळूहळू पुढे सरकत राहिली. जर्मन रडारच्या पडद्यावर त्या पट्ट्यांचा आकार जहाजांचा ताफा येत असल्यासारखा दिसत होता, तोही भलत्याच किनाऱ्याकडे. कित्येक तास सेकंदाची चूक चालणार नव्हती. त्यानंतर तीन-चार दिवसांत बार्न्स वॉलिस यांनी बनवलेला साडेपाच टनांचा 'टॉलबॉय' बॉम्ब याच स्क्वाड्रनने सोमूरच्या रेल्वे बोगद्यावर पहिल्यांदा वापरला.

६ जुलै १९४४ ला फ्रान्समधल्या मिमोयेक येथे लंडनवर मारा करण्यासाठी बांधलेल्या भूमिगत तोफांवर हल्ला झाला. हा चेशायर यांचा १०० वा हल्ला. त्यानंतर त्यांना सक्तीने थांबवण्यात आले. सप्टेंबरमध्ये ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांना जाहीर झाला. हा सन्मान एरवी एखाद्या विशिष्ट प्रसंगातल्या शौर्यासाठी मिळतो. चेशायर यांना तो चार वर्षे सतत दाखवलेल्या धैर्यासाठी दिला गेला. त्याच महिन्यात गिब्सन विमान कोसळून मेले.

भारताचा पहिला संबंध आणि नागासाकी

१९४४ च्या अखेरीस चेशायर यांना ईस्टर्न एअर कमांडमध्ये पाठवले गेले. ब्रह्मदेशातल्या हवाई युद्धाची सूत्रे हलवणाऱ्या या कमांडचे मुख्यालय कलकत्त्याजवळ होते. टेबलावरचे काम होते आणि मुक्काम थोडाच राहिला. पण त्या काळात भारत स्वतःच मोठा हवाई तळ बनला होता, हे आज सहसा आठवत नाही. बंगालमधल्या खरगपूर परिसरातल्या तळांवरून अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी जून १९४४ मध्ये बँकॉकवर आपला पहिला हल्ला केला. पुण्याचे लोहगाव युद्धकाळातच हवाई तळ म्हणून वाढले, नागपूरच्या सोनेगावला ब्रिटिश हवाई दलाची विमाने थांबत. गोंदियाजवळची बिरसी आणि अकोल्याची शिवणी या धावपट्ट्याही त्याच काळातल्या.

१९४५ मध्ये ते वॉशिंग्टनमधल्या ब्रिटिश लष्करी कार्यालयात होते. तिथून शास्त्रज्ञ विल्यम पेनी यांच्यासह त्यांना प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावर पाठवण्यात आले. ९ ऑगस्ट १९४५ च्या मोहिमेत हे दोघे 'बिग स्टिंक' या बी-२९ मध्ये होते. ठरलेल्या जागी इतर विमानांशी त्यांची गाठ पडली नाही, कारण वैमानिक ठरलेल्यापेक्षा बऱ्याच उंचीवर फिरत राहिला. त्यामुळे स्फोट जवळून पाहण्याऐवजी त्यांना तो दूरवरून दिसला. प्रकाश, मग वर चढत जाणारा ढग. वर्षअखेरपर्यंत नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मेली.

परत आल्यावर त्यांनी पंतप्रधान ॲटली यांना अहवाल दिला. अणुबॉम्बने महायुद्धे अशक्य होतील, म्हणून ब्रिटनकडेही तो असावा, असा त्यांचा कल होता. पश्चात्तापाची गोष्ट इथे बसत नाही. मात्र युद्धात मेलेल्यांचे आपल्यावर काही देणे आहे आणि जिवंत राहिलेल्यांनी काहीतरी वेगळे उभे केले पाहिजे, ही टोचणी त्यांना होती. ती अणुबॉम्बपेक्षा त्या रिकाम्या खुर्च्यांमधून आलेली दिसते. जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी हवाई दल सोडले.

आर्थर डाइक्स : इथे आयुष्य वळले

पहिला प्रयत्न साफ फसला. माजी सैनिकांनी एकत्र राहावे, शेती करावी, मिळून कमवावे अशी वसाहत त्यांनी काढली. ल कोर्ट नावाचा मोठा वाडा घेतला. भांडणे झाली, कर्ज वाढले, लोक पांगले. युद्धकाळात अमेरिकन अभिनेत्री कॉन्स्टन्स बिनी यांच्याशी केलेले लग्नही मोडण्याच्या वाटेवर होते. १९५१ मध्ये घटस्फोट झाला. १९४८ मध्ये ३० वर्षांचा हा युद्धवीर रिकाम्या वाड्यात कर्जाच्या कागदांसह बसला होता.

तेव्हा एका रुग्णालयातून निरोप आला. वसाहतीत पूर्वी डुकरे सांभाळणारा आर्थर डाइक्स कर्करोगाने मरणाच्या दारात आहे. रुग्णालयाला खाट हवी आहे आणि आर्थरला जायला जागा नाही. चेशायर यांनी जागा शोधली, मिळाली नाही, म्हणून त्याला वाड्यात आणले. नर्स ठेवायला पैसे नव्हते. त्यांनी स्वतः त्याला धुतले, भरवले, रात्री जवळ झोपले. ऑगस्टमध्ये आर्थर गेला. तोवर आणखी एका आजारी वृद्धेबद्दल विचारणा झाली होती, आणि मग रांगच लागली. त्या वर्षी ख्रिसमसच्या पूर्वसंध्येला चेशायर यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. आर्थरच्या सहवासाचा त्यात वाटा होता. ल कोर्ट हे पहिले चेशायर होम ठरले.

राळेगाव, वर्धा, वरोरा या पट्ट्यातल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले ते १९३६ मध्ये. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या. वरोऱ्यात पावसात पडलेल्या तुळशीरामला पाहून आधी घाबरून मागे फिरलेले बाबा आमटे पुढे आनंदवन उभे करतात, तेही नेमके चेशायर यांच्या आसपासच्या वर्षांत. दोन्हीकडे योजना आधी ठरलेली नव्हती. समोर एक माणूस आला, त्याला ठेवायला जागा नव्हती, म्हणून जागा करावी लागली. आमटे यांनी पुढे रुग्णांच्या हाताला काम देण्यावर जोर दिला. चेशायर यांच्या घरांत हा मुद्दा उशिरा आला, आणि तोही रुग्णांनीच लावून धरला तेव्हा.

मुंबईत घर, मुंबईत लग्न

१९५२ ते १९५४ ही दोन वर्षे चेशायर क्षयाने रुग्णालयात होते. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, फुप्फुसाचा भाग काढावा लागला. खाटेवरूनच पत्रे लिहून त्यांनी नवी घरे उभी केली. बरे झाल्यावर १९५५ मध्ये ते भारतात आले. हाताशी मोठा निधी नव्हता. मुंबईतल्या लोकांच्या मदतीने अंधेरीचे घर सुरू झाले. पद्धत सगळीकडे एकच होती. स्थानिकांची समिती करायची, पैसा त्यांनी उभा करायचा, घर त्यांनी चालवायचे, आणि दाखल करताना धर्म विचारायचा नाही.

या काळात त्यांची ओळख सू रायडर यांच्याशी झाली. युद्धात त्या ब्रिटनच्या गुप्त मोहिमांच्या संघटनेच्या पोलिश विभागात होत्या आणि युद्धानंतर नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांसाठी युरोपभर काम करत होत्या. ५ एप्रिल १९५९ रोजी दोघांचे लग्न मुंबईतल्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये झाले. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांनी ते लावले. त्याच वर्षी दोघांनी डेहराडूनला 'राफाएल' हे केंद्र काढले. नदीकाठी झोपड्यांत राहणारे कुष्ठरुग्ण आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले यांच्यापासून त्याची सुरुवात झाली. जर्मनीवर बॉम्ब टाकणारा आणि जर्मन छावण्यांतल्यांना सांभाळणारी, अशा दोघांचा संसार भारतात सुरू व्हावा, हा योगायोग कादंबरीत लिहिला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता.

रहिवाशांनीच उभा केलेला प्रश्न

कौतुकाच्या लेखांत एक भाग सहसा गाळला जातो. १९६० च्या दशकात ल कोर्टमधल्या तरुण अपंग रहिवाशांनी व्यवस्थापनाविरुद्ध आवाज उठवला. झोपायची वेळ, पाहुणे, स्वतःचे पैसे याबाबतचे निर्णय आमचे आम्हाला घेऊ द्या, ही मागणी. त्यातले पॉल हंट हे पुढे अपंग हक्क चळवळीतले मोठे नाव झाले. माणूस शरीरामुळे जितका अडतो त्यापेक्षा समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांमुळे अधिक अडतो, हा आज कायद्यांत उतरलेला विचार घडवणाऱ्यांत ते होते. चांगल्या मनाने बांधलेले घरही आत राहणाऱ्याला कोंडवाडा वाटू शकते, हे चेशायर होममधून बाहेर आले. नंतरच्या दशकांत ब्रिटनमध्ये मोठ्या वाड्यांऐवजी माणसाला त्याच्या स्वतःच्या घरात मदत देण्याकडे संस्था वळली. ल कोर्ट २००७ मध्ये बंद झाले.

विसरलेले क्रू

युद्ध संपल्यावर ब्रिटनला आपल्या बॉम्बर क्रूची अडचण वाटू लागली. मे १९४५ मधल्या विजयाच्या भाषणात चर्चिल यांनी त्यांच्या शहरांवरच्या मोहिमेचा उल्लेख जवळपास टाळला. त्यांच्यासाठी वेगळे पदक काढले गेले नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये राष्ट्रीय स्मारक उभे राहिले ते २०१२ मध्ये, म्हणजे ६७ वर्षांनी. तोवर बहुतेक जण हयात नव्हते. स्मारकावर सर्व देशांतल्या, बॉम्बहल्ल्यांत मेलेल्यांचाही उल्लेख आहे. तरी त्यावर वाद झालाच. जिंकलेल्या बाजूने मरायला पाठवलेली २२ वर्षांची मुले आणि त्यांनी टाकलेल्या बॉम्बखाली मेलेली मुले, दोघांची आठवण एका दगडावर कशी लिहायची, याचे सोपे उत्तर कोणाकडे नाही.

चेशायर यांना ब्रिटनने १९८१ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट दिले. अखेरच्या वर्षांत त्यांनी युद्धांत मेलेल्या प्रत्येकाच्या नावाने आपत्तीग्रस्तांसाठी जागतिक निधी उभारण्याचा प्रयत्न केला. १९९१ मध्ये त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली. अशा पदवीला गावाचे नाव जोडायचे असते. त्यांनी ना जन्मगाव निवडले, ना पहिले चेशायर होम. बॅरन चेशायर ऑफ वुडहॉल असे नाव त्यांनी घेतले. तोवर शरीर साथ सोडत होते. स्नायूंचे नियंत्रण जाणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराने ते चाकाच्या खुर्चीवर आले होते, ज्या आजाराचे रुग्ण त्यांच्या घरांत वर्षानुवर्षे राहत आले होते. ३१ जुलै १९९२ रोजी सफक परगण्यातल्या कॅव्हेंडिश येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा सुमारे ५० देशांत त्यांची २५० हून अधिक घरे होती.

वुडहॉल स्पाच्या धावपट्टीखालची वाळू आणि खडी युद्धानंतर उपसली गेली. त्या खड्ड्यांत आता पाणी साठले आहे आणि तो भाग पक्ष्यांसाठी राखलेला आहे. पेटवुड हॉटेल चालू आहे. डेहराडूनचे राफाएल आणि अंधेरीचे घरही चालू आहे.